मूळ स्वरूप म्हणजे नेमकं कुठलं? परिवहन खात्याला एक खुलं पत्र

प्रति,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
आणि परिवहन विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय: १९७९ची रॅलीची फियाट आणि तिच्यासाठी नसलेला रकाना

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मी माझी गाडी टेम्पोवर चढवून नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला नेली. चालवत नेता येत नव्हती, कारण नोंदणी संपलेली. कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कार्यालयात, ते मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या निरीक्षकाबद्दल माझी तक्रारही नाही. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेट उघडायला लावलं, "इंजिन मस्त वाजतंय, मॅडम" असंही म्हणाला आणि मग वाकून आत पाहिलं. आत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून लावलेला नळ्यांचा सांगाडा. गिअरचा दांडा मूळ गाडीसारखा स्टिअरिंगला नाही, जमिनीतून वर आलेला. पुढे बंपरवर दोन जादा दिवे. त्याने फाइल मिटली.

"हे सगळं काढून मूळ स्वरूपात आणा. नाहीतर सरळ स्क्रॅपला द्या. सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीवर टॅक्समध्ये सवलत मिळते."

घरी येऊन आईला सांगितलं. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. म्हणाली, "मूळ स्वरूपात? मलाही आणा म्हणावं."

आईचा उल्लेख उगाच नाही. ही गाडी बाबा चालवायचे आणि शेजारच्या सीटवर आई असायची, नेव्हिगेटर म्हणून. ऐंशीच्या दशकातल्या टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅली त्यांनी याच गाडीतून केल्या. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: यात सुसाट जायचं नसतं. अमुक अंतर ताशी ३६ किलोमीटरने, पुढचं ताशी ४१ने, असं कागदावर येतं आणि मधल्या चौक्यांवर सेकंदाच्या हिशोबाने पोहोचायचं असतं. उशीर झाला की दंड, लवकर पोहोचलात तर बहुतेक ठिकाणी जास्त दंड. (सरकारी कामात लवकर पोहोचल्याचा दंड मी अजून ऐकलेला नाही, पण असो.) आई गणिताची. चढावर गेलेली सेकंदं उतारावर किती भरून काढायची हे ती पेन्सिलीने करायची, आणि कागद खिडकीतून उडून जातो म्हणून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला करायची. ते आकडे अजून तिथे आहेत.

बाबांना हे वेड लागलं ते १९६८ साली. लंडन-सिडनी मॅरेथॉन त्या वर्षी भारतातून गेली. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत दिल्लीला आल्या आणि तिथून आग्रा-इंदूरमार्गे मुंबईत. मुंबईहून 'चुसान' बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला. बाबा तेव्हा वीस वर्षांचे. आग्रा रोडच्या कडेला रात्रभर कुडकुडत उभे होते. शेवटी जिंकला तो अँड्र्यू कोवन, हिलमन हंटर घेऊन. म्हणजे घरगुती सेडान, डॉक्टर-वकिलांनी दवाखान्यात आणि कोर्टात न्यावी अशी. बाबांच्या डोक्यात बसलं ते हेच: गाडी साधी चालेल, तयारी साधी नको. १९८० साली हिमालयन रॅली सुरू झाली, तिला जाण्याइतके पैसे कधी जमले नाहीत. पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली एक प्रीमियर पद्मिनी जमली. कागदावर पद्मिनी, सगळ्यांच्या तोंडी मात्र फियाटच.

तिला त्यांनी स्वतःच्या लेथवर रॅलीची केली. इंजिनाखाली जाड पत्र्याचं कवच, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एकेक जादा पान, शॉकअॅब्सॉर्बर बसतात तिथे आतून जोडपट्ट्या. डॅशबोर्डमध्ये आईच्या बाजूला दोन गोल भोकं पाडून अंतर मोजायचं यंत्र आणि घड्याळ. आणि रोल केज. तो, आता सांगायला हरकत नाही, पाण्याच्या नळाच्या पाइपचा होता.

बाबा २००९ साली गेले. त्याच वर्षी नोंदणी संपली. गाडी अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. लॉकडाऊनमध्ये मी दार उघडलं तेव्हा मागच्या सीटमध्ये उंदरांची तिसरी पिढी नांदत होती, फ्लोअरच्या पत्र्यातून खालची फरशी दिसत होती आणि इंजिन जाम होतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. पाना हातात धरता येत होता, त्यापलीकडे काही नाही. बाबांच्या वेळचे एक मिस्त्री अजून आहेत, त्यांना घेऊन आले. त्यांनी प्लग काढून चारही भोकांतून डिझेल आणि रॉकेल ओतलं आणि म्हणाले, आठ दिवस हात लावायचा नाही. नवव्या दिवशी पुलीच्या नटावर पाना घालून दोघांनी जोर लावला. काही नाही. पुन्हा. मग टक्क असा आवाज झाला आणि पुली नखभर सरकली. मिस्त्री तिथेच खाली बसले.

पुढची साडेचार वर्षं इथे सांगत बसत नाही. शनिवार-रविवार आणि मे महिन्याची सुट्टी. पत्र्याचं काम गॅस वेल्डिंगने शिकले, दोन ओढण्या जाळल्या. दाराखालचे बॉक्स पूर्ण नवे केले, कारण त्यात पत्रा कमी आणि भोकं बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टीच, जास्त होती. किंगपिनचे, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळ्यांचे, बुश बाबांच्याच लेथवर केले. नळाचा केज काढून टाकला आणि त्या जागी ४५ मिमी व्यासाची, २.५ मिमी जाडीची कोल्ड ड्रॉन सीमलेस ट्यूब (बिनसांध्याची पोलादी नळी) वापरून नवा केला, कारण आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत मुख्य कमानीसाठी हे माप चालतं. जुने सुटे भाग मुंबईच्या टॅक्स्यांमुळे मिळायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली, आणि त्यानंतर पार्टवाले दुकानदार फोनवर हसायला लागले. शेवटचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना वीज वाटून देणारा भाग, मला एका रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने मिळाला.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: तुमच्या नियमांत जुन्या गाडीला दोनच जागा आहेत, काचेच्या कपाटात नाहीतर भंगारात. २०२१च्या जुलैमध्ये तुम्ही विंटेज गाड्यांचे नियम आणले, 'व्हीए' अक्षरांची खास नंबरप्लेट दिली. चांगलं केलंत, खरंच. पण ती पन्नास वर्षांपुढच्या गाडीला. शिवाय गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. माझी गाडी २०२९मध्ये पन्नाशीची होईल, पण तेव्हाही या अटीत बसणार नाही. शेहेचाळीस पावसाळे खाल्लेल्या गाडीचा फ्लोअर कापून नवा घातला, तर तो फेरबदल की दुरुस्ती? अशी फियाट मला दाखवा जिच्या पत्र्याला कधी वेल्डिंग लागलेलं नाही. दाखवलीत तर ती शोरूममधून बाहेरच पडलेली नसेल.

दुसरी तक्रार आकड्यांची आहे, आणि ती शिक्षिका म्हणून करते. फियाटच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी; चार सिलिंडरांचे होतात १०८९ सीसी. तेच आरसी बुकात लिहिलेलं असतं. सिलिंडर झिजले की बोअर करून, म्हणजे आतून किंचित कोरून, ओव्हरसाइझ पिस्टन घालतात, ही गल्लीतल्या कुठल्याही गॅरेजची रोजची कामगिरी. मी ०.४ मिमीने बोअर केला. ६८.४ झाल्याबरोबर क्षमता होते ११०२ सीसी. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड ठेवला. शब्दशः घेतलं तर या देशात बोअर केलेलं प्रत्येक इंजिन गुन्हेगार आहे. शब्दशः कुणी घेत नाही हे मला कळतं. मग शब्दशः कधी घ्यायचं आणि कधी नाही हे निरीक्षकाच्या मर्जीवर का ठेवलंत?

तिसरी: उघडून ठेवलेल्या गाडीला तुमच्याकडे ओळखच नाही. वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झालं. २०२२च्या मार्चपर्यंत ते ६०० होतं. ठीक आहे, भरते. पण उशिराबद्दल दरमहा ५०० रुपये जादा. माझी गाडी या काळात चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) होती. चाकं भिंतीला टेकलेली, इंजिन टेबलावर, गिअरबॉक्स पोत्यावर. जी गाडी ढकलूनसुद्धा रस्त्यावर आणता येत नाही, तिचा उशीर कसला? घरी, पगारातून, सुट्टीच्या दिवशी गाडी बांधणाऱ्या माणसाला पाच वर्षं लागली, तर नुसत्या उशिराचे ३०,००० होतात. तेवढ्यात हेड, बोअरिंग आणि क्रँकचं काम होतं. ब्रिटनमध्ये मालक 'गाडी रस्त्यावर नाही' असं जाहीर करतो आणि विषय संपतो.

चौथी, थोडक्यात: जुन्या तीन अक्षरी नंबराच्या गाड्यांची नोंद संगणकात नसते. ती घालायला मूळ रजिस्टर लागतं, आणि रजिस्टर 'सापडत नाही'. माझ्याकडे बाबांचं आरसी बुक आहे, पानोपानी शिक्के मारलेलं. वारसाहक्काचा फॉर्म ३१ भरला, नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरला. बुक पुरावा म्हणून चालेना. तुमचे शिक्के तुम्हालाच ओळखू येईनात, याला काय म्हणावं?

आणि पाचवी, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले. 'मूळ स्वरूप' म्हणजे कारखान्याच्या दारातून निघालं त्या दिवशीचं, हे कुणी ठरवलं? या गाडीचं महत्त्व ती कुर्ल्यातून निघाली यात नाही. तशा लाखांनी निघाल्या. तिचं महत्त्व डॅशबोर्डमधल्या त्या दोन भोकांत आहे. निरीक्षकाचं ऐकायचं तर मला तो डॅशबोर्ड फेकून कुठल्या तरी टॅक्सीचा आणून लावावा लागेल, ग्लोव्ह बॉक्सचं झाकणही बदलावं लागेल, आणि मग ती गाडी 'मूळ' होईल. म्हणजे खोटी होईल. जर्मनीत तीस वर्षांपुढच्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते आणि गाडीच्या काळात जसे बदल केले जात होते तसे बदल चालतात. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेची, 'फिवा'ची, व्याख्याही तीस वर्षांची. ऐतिहासिक शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय महासंघ गाडीला तांत्रिक पासपोर्ट देतो, त्यात गाडी त्या काळी स्पर्धेत कशी होती ते लिहितात. तिकडे भोक हा पुरावा आहे. इकडे तो दोष ठरला.

एवढं लिहिल्यावर तुमच्या बाजूचंही बोलायला हवं. बदल केलेल्या गाड्यांबद्दल तुम्ही कडक का झालात हे मला रोज दिसतं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या बुलेटचे सायलेन्सर मी तिसऱ्या मजल्यावर ऐकते. बंपरला लोखंडी बुलबार लावून पायी चालणाऱ्यांना चिरडत जाणाऱ्या गाड्यांवर २०१७मध्ये बंदी आली, योग्यच झालं. रोल केजही बिनधोक नसतो. हेल्मेट न घालता त्यात बसलात आणि डोकं नळीवर आपटलं, तर जीव वाचवायला लावलेली वस्तू जीव घेते. म्हणून मी नळ्यांवर फोम चढवला आहे, मागची सीट काढून गाडी दोघांपुरतीच ठेवली आहे आणि केज बोल्टने बसवला आहे, काढता येतो. दोन जादा दिव्यांवर झाकणं आहेत. स्पर्धेबाहेर ती काढायची नाहीत, हे लिहून द्यायला तयार आहे. धुराचं म्हणाल तर पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या सोलेक्स कार्बोरेटरचा धूर आजच्या गाडीसारखा कधीच होणार नाही, हे मला कुणी शिकवायला नको. वर्षाकाठी हजार किलोमीटर चालवेन. जास्त नाही, आईची कंबर तेवढंच सोसते.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

विंटेजच्या खाली तीस वर्षांपासून पुढच्या गाड्यांसाठी 'ऐतिहासिक वाहन' असा वेगळा वर्ग करा. वापराचे किलोमीटर किंवा दिवस ठरवून द्या, हरकत नाही.

त्या वर्गात 'मूळ स्वरूप' या शब्दांची व्याख्या लिहा, आणि त्या काळात झालेले, कागद-फोटोंनी दाखवता येतील असे स्पर्धेचे बदल तिच्यात धरा. तपासायला निरीक्षकाच्या जोडीला शासकीय तंत्रनिकेतनातला ऑटोमोबाइलचा प्राध्यापक द्या. ब्रेक, स्टिअरिंग, वेल्डिंग, धूर, सगळं कडक तपासा. माझं वेल्डिंग हातोड्याने ठोकून पाहा.

बोअरिंग, पत्रा बदलणं, झिजलेला भाग नवा करून घालणं ही दुरुस्ती आहे, फेरबदल नाही, असं एका परिपत्रकाने स्पष्ट करा. याला कायदा बदलावा लागू नये असं मला वाटतं. नुसती सही पुरेल.

दुरुस्तीसाठी उघडलेली गाडी 'रस्त्यावर नाही' अशी नोंदवायची सोय करा आणि त्या काळाचा उशीर आकारू नका. खोटं जाहीर करून रस्त्यावर आणली तर दुप्पट घ्या.

मूळ आरसी बुक हा पुरावा माना, आणि संगणकात नोंद घालायला तीस दिवसांची मुदत स्वतःवर घाला. आम्हाला मुदती घालता तशी.

फुकट काहीही मागत नाही. दहा हजार शुल्क भरेन, पर्यावरण कर भरेन, विमा उतरवेन.

गाडी सध्या पुन्हा शेडमध्ये आहे. दर रविवारी सकाळी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवते, ऑइल सगळीकडे फिरावं म्हणून. आई खुर्ची घेऊन बाहेर बसते आणि मनगटावरच्या घड्याळात पाहते. दहा मिनिटांवर एक सेकंद गेला तरी हात वर करते.

आपण किंवा आपला प्रतिनिधी गाडी पाहायला आलात तर आनंद होईल. फक्त बाहेरून फेरी मारू नका. डावीकडच्या सीटवर बसा आणि ग्लोव्ह बॉक्स उघडा. पेन्सिलीला बोट लावू नका, पुसते.

आपली,
फियाटची वारस, पदार्थविज्ञानाची शिक्षिका

ता. क.: नवीन एचएसआरपी नंबरप्लेट लावायला माझी ना नाही. बाबांनी ब्रशने रंगवलेली जुनी पाटी शेडच्या भिंतीला टांगायला परवानगी लागते का, आणि लागत असेल तर कुठल्या नंबरचा फॉर्म, तेवढं कळवावं.